टेलिफोन कॉलनीची वर्दळ

आमच्या मागच्या वावरात मोठाल्या बिल्डिंगी येणार हे मला शेजारच्या मेहरुन्निसानं सांगितलं, तेव्हा मी गल्लीत मिरच्या वाळू घालत होते. गल्लीच्या बराबर मधोमध, कारण ऊन तिथंच चांगलं लागतं. ती स्कूटी थांबवून म्हणली, "मामी, अब ये मिरच्या कहाँ सुखाते तुम?" मला आधी वाटलं, ही माझ्या मिरच्यांना नजर लावून राह्यली. मंग तिनं सगळं सांगितलं अन् माझ्या हातातलं सूप तसंच राह्यलं.

जालन्याच्या कडंला आमची टेलिफोन कॉलनी हाय. टेलिफोन खात्यातल्या लोकांनी प्लॉट घेतले, घरं बांधली, अन् मंग घराघरातले टेलिफोनच बंद पडले. नाव तेवढं राह्यलं. कॉलनीत गल्ली एकच. मेन रोडवरून आत शिरायचं, मधी एक वाकण लागतं, अन् शेवटी गल्ली जाऊन वावराला टेकती. वावराच्या पलीकडं नाला. म्हणजे तिथं बिल्डिंगी झाल्या तर आतल्या माणसाला कोथिंबिरीची काडी आणायला जायचं तरी आमच्याच दारावरून. बिल्डिंगींचं नाव 'स्वप्नगंध हाइट्स'. गंध कशाचा ते नाल्याच्या बाजूला उभं राह्यल्याबिगर कळणार न्हाई, पण ते त्यांचं ते बघतील.

गल्लीतल्या दर माणसाची तक्रार निराळी होती. कुणाला लेकीच्या लग्नाचा मांडव गल्लीतच घालायचा होता. कुणाची पोरं तिथं क्रिकेट खेळायची. काकासाहेबांची गाडी त्यांच्या फाटकातून आत जात न्हाई, म्हणून ती जन्मापासून रस्त्यावरच उभी असती, अन् तिला कुणी घासलं तर काय, ही त्यांची चिंता. माझी चिंता एकच होती. माझा नवरा.

आमचे हे, तातेराव, एस्टीत डायवर होते. जालना-वाटूर, जालना-तीर्थपुरी, कुठली म्हणून गाडी सोडली न्हाई. सगळी कॉलनी त्यांना डायवर मामाच म्हणती, अन् त्यामुळं मी आपोआप सगळ्यांची मामी झाले. हे रिटायर झाले अन् साखरेनं डोळे नेले. डॉक्टर म्हणले, लवकर यायला पाह्यजे होतं. डॉक्टर लोक हे वाक्य लय आवडीनं म्हणतात.

डोळे गेल्यावर हे पहिल्यांदा काठी घेऊन एकटे गल्लीत निघाले, तेव्हा मागून सलीमचा टेम्पो आला. सलीम म्हणजे मेहरुन्निसाचा नवरा, घरोघर पाण्याचे जार पोचवतो. त्यानं चांगल्या मनानं हॉर्न दिला, की मामा बाजूला व्हतील. हे दचकले अन् सरळ नालीत. लागलं काही न्हाई, गुडघा खरचटला. पण घरात आले अन् भिंतीकडं तोंड करून जे पडले ते उठंचनात. जेवायचं न्हाई, बोलायचं न्हाई, रेडिओ लावला तर बंद कर म्हणायचे. उभा जन्म भरलेली गाडी घाटातून उतरवणारा माणूस, त्याला घरापुढच्या नालीनं पाडलं होतं. मला लय भ्या वाटायचं. हा माणूस श्वास घेऊन राह्यलाय, पण घरात न्हाई, असं वाटायचं.

मंग मी गल्लीत फिरले अन् सगळ्यांना हात जोडले. म्हणलं, ऊन कललं की मी ह्यांना कसंबी करून बाहेर काढते. ते दिसले की गाड्या बंद करा. हॉर्न न्हाई, इंजन न्हाई, अन् कुणी 'या मामा, जा मामा' म्हणायचं न्हाई. त्यांना कळलं तर संपलं. सलीमच्या तर डोळ्याला पाणी आलं. "मामी, इंजन बंद, हॉर्न बंद, मुंह भी बंद. फिकर नक्को करो."

त्या दिवशी हे कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेले, चहा पिले अन् परत आले. म्हणले, "या टायमाला आपली गल्ली एकदम मोकळी असती गं. चिटपाखरू न्हाई." अन् ताट मागितलं. मी भाकरी थापता थापता रडले, अन् धुरानं डोळे चुरचुरून राह्यले म्हणले. गॅसवर भाकरी करत होते, पण त्यांना कुठं दिसत होतं.

तेव्हापासून रोज तसंच. हे काठी टेकत निघाले की आमची गल्ली शाळेत प्रार्थनेला उभी राहती तशी उभी राहती. फटफटीवाला फटफटी बंद करून तिथंच. भाजीवाला तोंडातली आरोळी गिळून तिथंच. नवीन दूधवाला लागला तर त्याला आधी हे समजावून सांगायचं अन् मंग दुधात पाणी किती ते विचारायचं. अन् हे रुबाबात मधून चालत जायचे. टपरीवर बसून लोकांना सांगायचे, "एकटा आलो. कुणाचा हात धरला न्हाई." कधी कधी वर हेबी म्हणायचे, "आपल्या कॉलनीतले लोक आळशी हायेत, या टायमाला सगळे झोपलेले असतात." जे लोक श्वास रोखून उभे राहायचे तेच हे ऐकून घ्यायचे.

आता स्वप्नगंध हाइट्समधल्या लोकांना कोण सांगणार? अन् कुणाकुणाला सांगणार? एक दिवस कुणीतरी नवीन गाडीवाला कचकून हॉर्न मारणार, अन् आमचे हे परत भिंतीकडं तोंड करणार. मला ते आत्ताच दिसून राह्यलं होतं. रात्री मला त्यापायी झोप यायची न्हाई.

काकासाहेब आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडून दिलेलं न्हाई. पहिल्या मीटिंगला खुर्ची एकच होती अन् तिच्यावर ते बसले होते. त्यांनी कचेरीत हरकत दिली, की या बिल्डिंगींमुळं आमच्या रस्त्यावर वाहतुकीचा भार पडंल. कचेरीतून उत्तर आलं, की सध्या सदर रस्त्यावर वाहतूक अत्यंत तुरळक दिसते, सबब भाराचा प्रश्न उद्भवत नाही. तरी बुधवारी बिल्डरमार्फत खांबावर कॅमेरा लावून पाहणी करण्यात येईल.

काकासाहेबांनी मीटिंग बोलावली. म्हणले, "लक्षात आलं का? ते म्हणतात रस्ता रिकामा हाय. मंग बुधवारी रस्ता भरलेला दिसला पाह्यजे. इतका भरला पाह्यजे, की साहेब म्हणला पाह्यजे, बापरे, इथं आता मुंगीला जागा न्हाई!"

सगळ्यांना पटलं. मलाबी पटलं, खोटं कशाला सांगू. मी तर त्याच दिवशी तीर्थपुरीला माझ्या भावाला फोन लावला. म्हणलं, बद्रीनाथ, ट्रॅक्टर घेऊन ये. तो म्हणला, काय नांगरायचंय? म्हणलं, काही न्हाई, नुसतं इकडून तिकडं फिरायचंय. तो भाऊ हाय माझा, त्यानं जास्ती विचारलं न्हाई.

बुधवारी काय ती गर्दी! सलीमचा टेम्पो तेच रिकामे जार घेऊन वरून खाली, खालून वर. मेहरुन्निसा स्कूटीवर. वाटूरहून कुणाचे पाव्हणे जीप घेऊन आल्ते. बद्रीनाथचा ट्रॅक्टर. काकासाहेब स्वतः गाडी काढून बसले. कॅमेऱ्यानं ओळखू नये म्हणून दर फेरीला टोपी बदलत होते. एकदा पांढरी, एकदा काळी, एकदा लेकाची क्रिकेटची. गाडी तीच, नंबर तोच, टोपी निराळी. मी म्हणलं, काकासाहेब, कॅमेरा काय टोप्या मोजायला लावलाय का? तर म्हणले, "वहिनी, तुम्हाला टेक्निकल कळत न्हाई."

वर्दळ तर झाली, पण तुंबंना. तिथंच घोडं पेंड खाऊन राह्यलं. वाकणावर ट्रॅक्टर अन् जीप समोरासमोर आले, अन् काकासाहेब खिडकीतून ओरडले, "हां, आता अडवा! दोघंबी अडवा! हॉर्न मारा!" पण बद्रीनाथ खाली उतरला अन् जीपवाल्या पाव्हण्यांना रामराम घातला. "पाव्हणं, तुम्ही आधी." पाव्हणे म्हणले, "छ्या छ्या, तुम्ही लोड गाडीवाले, तुम्ही आधी." ट्रॅक्टरला तर ट्रॉलीबी न्हवती. शेवटी बद्रीनाथनं ट्रॅक्टर मागं घेतला अन् जीप गेली. मागून मेहरुन्निसा आली तर तिच्यासाठी परत मागं घेतला.

काकासाहेब माझ्याकडं तणतणत आले. "वहिनी, भावाला सांगा, अडवायचं असतं! भांडायचं असतं!"

मी बद्रीनाथला सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला चोरी करायला सांगितली. म्हणला, "अक्का, बहिणीच्या दारात येऊन बहिणीच्या शेजाऱ्यासंग भांडू? तुला हितं राहायचंय ना?"

अन् खरं सांगू का, मला बरंच वाटलं. जो कुणी गाडी घेऊन आल्ता त्याला मी अन् मेहरुन्निसानं चहा दिला. चहा घ्यायला दर जण गाडी नीट कडंला लावून थांबायचा, म्हणजे दुसऱ्याला अडचण नको.

या सगळ्यात माझं ध्यान घड्याळाकडं होतं. ह्यांना मी सांगून ठेवलं होतं, आज गल्लीतून एक वऱ्हाड चाललंय, लय गाड्या हायेत, आज बाहेर पडू नका. हे बरं म्हणले. मी किटलीत चहा ओतून राह्यले होते, अन् एकाएकी आवाजच थांबला. टेम्पो थांबला, जीप थांबली, ट्रॅक्टरची धडधड थांबली. मी वळून बघते तर हे! दारातून बाहेर पडले होते, पांढरा शर्ट घालून, काठी टेकत. सलीमनं हात वर करून सगळ्यांना खूण केली होती. वाटूरचे पाव्हणे, ज्यांना काही ठाऊक न्हाई, तेबी इंजन बंद करून गप उभे. काकासाहेबांनी तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का ते त्यांनाच ठाऊक.

एवढ्या गाड्या, एवढी माणसं, अन् काठीचा टक टक आवाज तेवढा. हे मधून चालत गेले. ट्रॅक्टरपाशी जरा थबकले, नाक वर केलं, डिझेलचा वास आला असणार. मंग पुढं गेले. माझ्या हातातली किटली वाकडी झाली अन् चहा पायावर सांडला, तरी मी तोंडातून हूं काढलं न्हाई.

परत आले तेव्हा म्हणले, "मघाशी लय गाड्या होत्या गं. एकदम कुठं गेल्या?"

म्हणलं, "वऱ्हाड निघून गेलं."

"बरं झालं," म्हणले.

सुनावणी कचेरीत होती. काकासाहेब म्हणले, तातेरावांना घेऊन चला. "नुसत्या कागदानं साहेब हलत न्हाईत. पण आंधळा माणूस समोर उभा केला, की कोणता साहेब म्हणंल गाड्या सोडा म्हणून?" मला त्यांचं बोलणं आवडलं न्हाई, पण काम व्हावं म्हणून मी हो म्हणलं. ह्यांनाबी काही वावगं वाटलं न्हाई. उलट इस्त्रीचे कपडे घातले. काकासाहेबांनी त्यांच्याकडून बोलायचं पाठ करून घेतलं होतं: मी रोज या रस्त्यानं एकटा चालतो, गाड्या वाढल्या तर माझं चालणं बंद व्हईल. हे टेम्पोत बसून रस्ताभर तेच घोकत होते. 'एकटा' म्हणताना आवाज जरा चढायचा.

कचेरीत बिल्डरचा माणूस आल्ता, हरिओम नावाचा. बोलायला लय गोड. आम्हाला पाणी विचारलं, ह्यांना खुर्ची दिली. मंग त्यानं भिंतीवर पडदा लावला अन् आमची गल्ली पडद्यावर दिसायला लागली. मला आधी तर मजा वाटली. कडंला सरकवलेल्या माझ्या मिरच्याबी दिसल्या.

हरिओम म्हणला, "साहेब, रहिवाशांनी वाहतुकीची चिंता व्यक्त केली होती. ती रास्त होती. म्हणून आम्ही पाहणी केली. बुधवारी रस्त्यावर फार वाहनं होती."

काकासाहेबांनी मला कोपरानं ढोसलं. बघा म्हणले.

"इतकी वाहनं, अन् एकदाही कोंडी झाली नाही," हरिओम म्हणला. "हा ट्रॅक्टर बघा. स्कूटीवरच्या ताईंसाठी मागं घेतला. साहेब, मी पुण्यात राहिलेला माणूस आहे. असं मी कुठं बघितलं नाही. हे बघा, वाहनं कडेला लावून लोक चहा पितायत. रस्ता रिकामा ठेवून! आमच्या स्कीमची सगळी वाहनं आली तरी बुधवारच्यापेक्षा जास्त भार होत नाही. म्हणजे हा रस्ता सक्षम आहे. कॉलनीनं स्वतःच त्याची परीक्षा घेऊन दाखवली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे."

साहेबांनी मान हलवली. काकासाहेबांचं कोपर माझ्या बरगडीतून हळूच निघून गेलं.

"अन् आता हे बघा," हरिओम म्हणला.

मला कळलं आता काय येणार. मी ताडकन उठले. "बंद करा ते!" म्हणलं.

साहेब म्हणले, "बाई, बसा. तुमची हरकत घेऊ, तुमची पाळी आली की."

"साहेब, हात जोडते, बंद करा!"

"बसा म्हणलं ना."

हरिओम बिचारा वाईट मनाचा न्हवता. त्याला खरंच कौतुक वाटत होतं, म्हणूनच त्यानं एकेक गोष्ट समजावून सांगितली. "साहेब, हे अंध गृहस्थ रस्त्यावर येतात. आज इथंच बसलेत. बघा, सगळी वाहनं थांबली. इंजिनंसुद्धा बंद केली. माणसं गाडीतून उतरून उभी आहेत. हे ड्रायव्हर हातानं खूण करतायत, आवाज करू नका म्हणून. या एकांनी तर टोपी काढली. आम्हाला वाटलं, त्या दिवशीपुरतं असेल. पण कॅमेरा आणखी काही दिवस खांबावर होता. साहेब, हे रोज होतं. रोज! पादचाऱ्याला एवढी सुरक्षा कुठल्या रस्त्यावर असेल?"

सगळी कचेरी पडद्याकडं बघत होती. मी ह्यांच्याकडं बघत होते. ह्यांनी मान वळवली, माझा आवाज आल्ता त्या बाजूला.

"रोज?" म्हणले.

मी खुर्चीवर टेकले.

"कांता, मी विचारून राह्यलो. रोज?"

"व्हय," मी म्हणलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "आपल्याला काही सांगायचं आहे का, काका?"

हे काठी धरून उभे राह्यले. पाठ केलेलं सगळं तोंडात असणार, कारण ओठ हलले. मंग म्हणले, "न्हाई साहेब. मला हे आत्ताच कळलं." अन् खाली बसले.

हरकती विचारात घेऊन फेटाळण्यात आल्या.

येताना सलीम एवढ्या हळू गाडी चालवत होता, की मागचे शिव्या देऊन पुढं जात होते. घरी आल्यावर हे खाटेवर पडले अन् भिंतीकडं तोंड केलं. ज्याच्या भ्यानं मी ट्रॅक्टर बोलावला, पाव्हण्यांना चहा पाजला, कचेरीची पायरी चढले, तेच बिल्डिंगीची एक वीट लागायच्या आधी माझ्या घरात येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं. हे उठले न्हाईत. बाहेर सलीम टेम्पो बंद करून वाट बघत होता. लय वेळ बघितली, मंग त्यानं हळूच गाडी ढकलत वाकणाच्या पलीकडं नेली अन् तिथं चालू केली.

असंच चाललं. एक दिवस मी ताट घेऊन गेले, तर हे भिंतीकडंच बघून बोलले. "टपरीवर बसून मी सगळ्यांना सांगायचो, एकटा आलो. ते ऐकून घ्यायचे. मी त्यांना आळशी म्हणलो, तेबी ऐकून घेतलं. अन् तू दारात उभी राहून बघायची."

माझं डोकं सणकलं. इतके दिवस मी गप होते, पण माणसानं किती गप राहायचं? ताट दाणकन खाली ठेवलं. "मंग काय करायला पाह्यजे होतं मी? नालीत पडू द्यायला पाह्यजे होतं? तुम्ही तोंड फिरवून पडलात तेव्हा मला कुणी विचारलं, कांता, तू जेवली का म्हणून? मी दारोदार हात जोडले, हो, जोडले! तुम्ही त्या दिवशी ताट मागितलं, तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला काय ठाऊक! परत तशी पाळी आली तर परत जोडीन. अन् लोकांनी ऐकून घेतलं म्हणता, तर ऐकून घेतलं, कारण त्यांना तुम्ही आवडता. त्याला मी काय करू? जेवायचं तर जेवा, न्हाईतर मी हे भाजीवाल्याच्या बकरीला घालते."

थोड्या वेळानं ताटाचा आवाज आला.

वावरात मशीन आली अन् खोदायला लागली. मेन रोडच्या कोपऱ्यावर मोठी पाटी लागली: स्वप्नगंध हाइट्स, प्रशस्त घरं, सुसंस्कृत शेजार. सुसंस्कृत शेजार म्हणजे आम्ही. काकासाहेबांनी त्या पाटीपुढं उभं राहून लेकाकडून फोटो काढून घेतला.

हे दिवसभर त्या मशीनचा आवाज ऐकत पडायचे. मंग एक दिवस ऊन कलल्यावर उठले. पांढरा शर्ट घातला, काठी घेतली. मी पळत दारात गेले. गल्लीत सवयीनं सगळं गपगार झालं. फटफट्या बंद, टेम्पो बंद, भाजीवाला तोंड मिटून.

हे उंबऱ्याच्या बाहेर दोन पावलं गेले अन् थांबले. मंग पूर्वी एस्टीस्टँडवर ओरडायचे तशा आवाजात ओरडले, "चालू करा रे गाड्या!"

कुणी हललं न्हाई.

"ऐकू न्हाई आलं का? चालू करा म्हणलं! हॉर्न मारा, काय मारायचं ते मारा. त्या बिल्डिंगीत लोक राहायला आले म्हणजे ते काय माझ्यासाठी उभे राहणारेत? तवर मला शिकू द्या. सलीम! डिझेलचा वास येऊन राह्यलाय, तू हायेस तिथं. लाव चावी."

सलीमचा हात चावीवर होता. लहान पोरावानी रडत होता. "मामा, मेरे से नै होता."

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. मीच तर हात जोडले होते ना सगळ्यांना. मला वाटलं, जाऊन ह्यांचा हात धरावा, अन् घरात आणून दार लावून घ्यावं. तेवढ्यात हे माझ्याकडं न वळताच म्हणले, "कांता. तू लाव."

मला गाडी येत न्हाई. सायकलबी येत न्हाई. मेहरुन्निसाची स्कूटी तिथंच ष्टँडवर उभी होती, तिच्यावर मी लुगडं आवरून बसले. मेहरुन्निसानं चावी फिरवली अन् इंजन चालू झालं. नुसत्या त्या आवाजानं ह्यांचा खांदा वर गेला.

"हॉर्न कंचा?" मी म्हणलं.

तिनं बटन दाखवलं. मी ह्यांच्या पाठीकडं बघितलं अन् दाबलं.

हे दचकले. बराबर त्याच दिवसावानी दचकले. मंग ह्यांनी डाव्या बाजूला काठी फिरवली. नालीची कड लागली, तिथं काठी रोवली अन् पाऊल अलीकडंच थांबवलं. अन् उजवा हात बाहेर काढून हलवला, मागच्या गाडीला साईड देतात तसा. जा, पुढं जा.

सलीमनं डोळे पुसले अन् टेम्पो चालू केला. ह्यांच्या शेजारून गेला, नाव न सांगता, हाक न मारता, जार खडखड वाजवत. ह्यांचा शर्ट वाऱ्यानं उडाला. मागून फटफटी गेली. मंग भाजीवाल्यानंबी उगीच आरोळी ठोकली. हे प्रत्येक गाडीला हात हलवून वाट देत होते अन् कडंकडंनं पुढं चालत होते, घामानं पाठ भिजली होती, पण चालत होते.

"मामी, हॉर्न छोड़ो," मेहरुन्निसा म्हणली. "बॅटरी जाती."

मला ऐकू येत होतं, पण अंगठा काही निघंना. मी रडून राह्यले होते अन् हॉर्न वाजून राह्यला होता. हे वाकणापाशी पोचले, तिथं थांबले अन् सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खेकसले, "अगं साईड दिली की कवाच! किती हॉर्न मारती!"